जुन्या गोव्याची वाट

मुख्याध्यापकाच्या टेबलावर सर्वांत जास्त काय येत असेल, तर रजेचे अर्ज. लग्नाचे, बारशाचे, भाताच्या कापणीचे, सासूबाईंच्या मोतीबिंदूचे. त्यांतला एक अर्ज दर वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यायचा आणि त्याचे कारण कधी बदलायचे नाही : ‘जुने गोवे येथे पायी जाणे.’ अर्ज आमच्या गणिताच्या सरांचा. अक्षर असे की अंक आणि अक्षरे एकाच मापाची. मी ‘मंजूर’ असे लिहायचो, खाली सही ठोकायचो आणि सर दारातून म्हणायचे, ‘‘तुम्ही बी चला की एकदा, सर. तुम्ही एम.ए. मराठी. तुमचा क्रिस्तपुराणवाला पाद्री तिकडलाच नव्हे?’’

‘‘पुढच्या वर्षी नक्की,’’ मी म्हणायचो.

सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नकोच. पण बाहेरून कोणी हा अंक हातात घेतला असेल तर त्याच्यासाठी सांगतो. आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कानडी असा त्यांचा तीन भाषांचा संसार. पिढ्यांमागे त्यांचे पूर्वज घाटाखालून वर आले. कोणी दुष्काळात आले, कोणी पोर्तुगीज सरकारच्या जाचाला कंटाळून, कोणी नुसतेच पोटासाठी. वर आले तरी एक धागा खालीच बांधलेला राहिला. दर वर्षी ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना सुरू होते आणि त्या दिवसांत सिंधुदुर्गातून, कारवाराकडून, आमच्याकडून माणसे चालत निघतात. त्याला ती ‘सायब’ म्हणतात. ‘गोंयचो सायब’. स्पेनमधल्या नव्हारे प्रांतात १५०६ साली जन्मलेला, १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरलेला आणि १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर मेलेला हा माणूस आमच्या भागात जांबोटीच्या जंगलातून चालणाऱ्या शेतकऱ्याचा मालक कसा झाला, हे इतिहासाचे पुस्तक पुरते सांगत नाही.

सरांचा नवस १९९७ सालचा. त्यांचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली पाय सापडला. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यापासून काढावा लागेल. सरांनी त्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर आंगवण केली : पाय राहिला तर माझे पाय चालतात तोवर दर वर्षी येईन. पाय राहिला. बोटभर तोकडा राहिला, पण राहिला. त्या वर्षापासून कोरोनाचे २०२० साल सोडले तर सरांचा एकही नोव्हेंबर चुकला नाही. गणिताचा माणूस, हिशेबाला पक्का. सायबाचे देणे त्यांनी हप्त्याने फेडायला घेतले होते आणि शेवटचा हप्ता कधी हे मुद्दाम ठरवले नव्हते.

सन २०२२ मध्ये अर्ज आला तेव्हा आमच्या शाळेचे बरे चालले नव्हते. पट घसरला होता. मराठी माध्यमाच्या शाळेत पट घसरणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकाला वेगळे समजावण्याची गरज नाही. एक तपासणी यायची होती, नेमकी कोणत्या दिवशी ते कोणी सांगत नव्हते. एस.एस.एल.सी.चा वर्ग गणितात कच्चा होता. मी अर्जावर लाल शाईने ‘नामंजूर’ लिहिले. कारण लिहायची पद्धत आहे म्हणून कारणही लिहिले : ‘शालेय कामकाजाच्या निकडीमुळे.’ सरांनी कागद वाचला, घडी घातली आणि ‘‘बरं’’ म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत. तपासणी त्या आठवड्यात आलीच नाही.

पुढच्या मार्चमध्ये, परीक्षा आठवड्यावर आली असताना, सर गेले. रात्री छातीत कळ आली, गाडी मिळेपर्यंत संपले होते. वय छप्पन्न.

२०२३ च्या नोव्हेंबरात तो अर्ज आला नाही. दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला. मी एकदा फाईल काढली, जुना अर्ज पाहिला, पुन्हा बांधून ठेवली. शाळेचा कागद आहे, फाडता येत नाही.

२०२४ मध्ये त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, फॅमिली पेन्शनच्या एका दाखल्यावर सही घ्यायला शाळेत आल्या. सही झाल्यावर उठता उठता म्हणाल्या, ‘‘यंदा सायबाचं दर्शन उघडं आहे. आमची माणसं २७ तारखेला निघताहेत. तुम्ही येणार म्हणत होता नव्हे त्यांना?’’ त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर बरे झाले असते, उत्तर देता आले असते.

मी चार दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. संस्थेच्या कार्यवाहांनी तो चहा पिता पिता मंजूर केला. एक मिनिटसुद्धा लागले नाही.

*

बुधवारी पहाटे पाच वाजता चर्चच्या अंगणात चाळीसेक माणसे जमली होती. बायका जास्त. पुढे लाकडी खुरीस, त्यामागे सायबाच्या तसबिरीचे कापडी फलक, सगळ्यांत शेवटी अंथरूण-पांघरूण, तांदूळ आणि पातेली भरलेला टेम्पो. टेम्पो चालवायला सरांचा मुलगा. माझाच विद्यार्थी. आता तिशी ओलांडलेला, बेळगावात मालवाहतूक करतो. त्याने मला पाहून स्टिअरिंगवरूनच नमस्कार केला. ‘‘सर, दमला तर मागं बसा. लाजू नका.’’ पाद्रींनी पाणी शिंपडले, थोडे माझ्या चष्म्यावरही उडाले आणि आम्ही निघालो.

मी वारकरी घरातला. वडील कार्तिकीला पंढरपूरला जात. त्यामुळे पहिल्या दिवशी माझे मन सारखे तुलना करत होते : हे दिंडीसारखे, ते दिंडीसारखे. दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला आणि तुलना थांबली. पायाला धर्म कळत नाही, त्याला फक्त बूट कळतो. मी नवीन बूट घालून निघालो होतो. ही चूक सहावीतला पोरगाही सहलीला करत नाही. माझ्या पुढे एक मावशी अनवाणी चालत होत्या, साठीच्या पुढच्या. त्यांनी मागे वळून माझ्या चालण्याकडे पाहिले, टेम्पो थांबवला, पिशवीतून खोबरेल तेल आणि एक जुनी रबरी चप्पल काढून दिली. ‘‘शाळेत बूट घाला,’’ म्हणाल्या.

जांबोटी मागे पडली की रान दाट होते. नोव्हेंबरात सकाळी दहापर्यंत झाडांवरून दव ठिबकत असते. त्या रस्त्यावर मालाचे ट्रक फार. ट्रक आला की पुढून कोणी तरी ओरडायचे, सगळी रांग गवतात उतरायची आणि तोंडातली प्रार्थना मात्र तुटायची नाही. जपमाळ चालायची, तिला ते ‘तेर्स’ म्हणतात. एकीने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली पुरी करायची. कोंकणी माझ्या कानाला ओळखीची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याही तोंडात शेवटचे दोन शब्द येऊ लागले. मी ते ओठांतच ठेवले.

कणकुंबीला माउलीचे देऊळ आहे आणि तिथेच मलप्रभेचा उगम. आमच्या रांगेतल्या बायकांनी रस्त्यावरूनच हात जोडले, खुरीस धरणाऱ्यानेही मान लवविली. मला कणकुंबीचे नेहमी नवल वाटत आले आहे. इथे पडलेल्या पावसाचे एक थेंब मलप्रभेत गेले तर पूर्वेकडे वाहत कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. त्याच्या शेजारचे थेंब कळसा नाल्यात गेले तर म्हादईतून, म्हणजे खाली जिला मांडवी म्हणतात तिच्यातून, पणजीला अरबी समुद्रात. हे पश्चिमेकडे जाणारे पाणी पूर्वेकडे वळवावे की नाही यावर कर्नाटक आणि गोवा यांचा तंटा चालू आहे. २०१८ मध्ये लवादाने निवाडा दिला, तरी भांडण मिटलेले नाही. कालव्याचे खोदकाम वाटेत दिसते. आम्ही पश्चिमेच्या पाण्याबरोबर निघालो होतो. तीन दिवसांनी हेच पाणी आम्हांला होडीखाली भेटायचे होते.

त्या रात्री मुक्काम एका प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात होता. सवयीने मी आधी फळा पाहिला. सुविचार लिहिला होता, त्यात एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. खडू सापडला असता तर दुरुस्त केली असती. सापडला नाही, तेही बरेच झाले. भात, सुक्या बांगड्याची आमटी आणि माझ्यासाठी वेगळी डाळ असे जेवण झाले. डाळ कोणी करायला सांगितली मला कळले नाही. सर शाळेच्या सहलीत असेच करत. कोण काय खात नाही हे त्यांना विचारावे लागत नसे.

झोप येईना, तेव्हा क्रिस्तपुराणाची आठवण झाली. मी एम.ए.ला होतो तेव्हा ते दहा मार्कांच्या टिपेपुरते होते. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, आयुष्य तिथेच काढून १६१९ मध्ये वारला. आपल्या ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीत त्याने बायबलची कथा सांगितली आणि १६१६ मध्ये रायतूरला ती रोमन लिपीत छापली. त्या पहिल्या छापाची प्रत आज उपलब्ध नाही. देवनागरीत शांताराम बंडेलू यांनी ती १९५६ मध्ये आणली. एवढे लिहिले की दहापैकी सात मिळत. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्याच्या ओव्या तर आम्ही दर मराठी दिनाला फळ्यावर रंगीत खडूने लिहितो. पण ते पुराण का लिहिले गेले, हा प्रश्न मला परीक्षेत कोणी विचारला नाही. लोक बाटले होते, त्यांची जुनी पुराणे बंद झाली होती, त्यांना कानाला ओळखीचे काही तरी हवे होते, म्हणून ते लिहिले गेले. एकदा शाळा सुटल्यावर मी त्यातल्या पाच-पंचवीस ओव्या सरांना मोठ्याने वाचून दाखवल्या. ते वही तपासत ऐकत होते. पेन थांबले. ‘‘हे तर आमच्या आजीचं बोलणं,’’ म्हणाले. आमच्या विद्यापीठातल्या कोणत्याही व्याख्यानात त्या ग्रंथाबद्दल याहून नेमके वाक्य मी ऐकलेले नाही.

*

तिसऱ्या दिवशी दुपार कलता कलता चोर्ल्याच्या माथ्यावर आलो. इथे कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशी तीन राज्ये एकमेकांना खेटतात. हद्द म्हटली की आमच्या पिढीला मोर्चा आठवतो, काळ्या फिती आठवतात, १ नोव्हेंबर आठवतो. मी मनाशी ठरवले होते की हद्द ओलांडताना दगड बघायचा, पाट्यांवरची भाषा कुठे बदलते ते टिपून ठेवायचे. दिवाळी अंकाला उपयोगी पडेल. प्रत्यक्षात त्या क्षणी मी एका पायावर उभा राहून चप्पलेतला खडा काढत होतो आणि हद्द कधी मागे पडली ते कळलेच नाही.

सरांचे आजोबा १९५२ मध्ये याच घाटाने उतरले होते. सायबाच्या मृत्यूला ४०० वर्षे झाली म्हणून त्या वर्षी ३ डिसेंबरपासून शवाचे दर्शन उघडले होते. तेव्हा खाली पोर्तुगीज अंमल. नाक्यावर बोचकी सोडून दाखवावी लागली, एवढीच आठवण घरात राहिली आहे. पुढे १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ये-जा जवळजवळ थांबली. १९६४ पासून दर दहा वर्षांनी दर्शन उघडते. आमचे हे २०२४ चे त्याच पाढ्यातले.

माथ्यावर टेम्पो उभा करून मुलाने स्टोव्ह पेटवला होता. चहा देताना तो माझ्याजवळ येऊन कठड्यावर बसला. खाली दरीत अंजुणे धरणाचे पाणी चकाकत होते.

‘‘सर, पप्पा इथंच बसले होते.’’

‘‘दर वर्षी?’’

‘‘दर वर्षी बसायचेच. पण मी त्या वर्षाचं सांगतोय. रजा मिळाली नाही तेव्हाचं.’’

मी कप खाली ठेवला.

‘‘शनिवारी सकाळची शाळा असती की नाही. सुटल्यावर परस्पर बस धरून कणकुंबीला आले. तिथनं चालत इथवर. काळोख पडला होता. इथं बसून तेर्स म्हटलं, खाली बघितलं आणि माघारी फिरले. रात्रभर चालून पहाटे कणकुंबीला. रविवारी बस उशिरा मिळाली, घरी यायला संध्याकाळ झाली. मम्मी भांडली. म्हणाले, सायबाला दिसलं असेल मी कुठवर आलोय ते. सोमवारी पहिला तास होता, सुट्टी काढू नका म्हटलं तरी गेले.’’ मग तो थोडा थांबून म्हणाला, ‘‘तुम्हांला माहीत असेल म्हणून मी बोललो.’’

मला माहीत नव्हते. पण तो सोमवार मला आठवला. पहिल्या तासाला मी नेहमीप्रमाणे वर्गांवरून फिरत होतो. दहावीच्या वर्गात सर खुर्चीवर बसून शिकवत होते. त्या माणसाला मी वर्गात कधी बसलेले पाहिले नव्हते. मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर, स्टाफरूममध्ये, मी म्हणालो, ‘‘सर, तपासणी कधीही येईल. बसून शिकवायचं नाही.’’ ते तेव्हाही ‘‘बरं’’ म्हणाले. पुढचे चारही तास उभे राहिले.

मुलाला मी हे सांगितले नाही. तो उठला, स्टोव्ह विझवला आणि तोकड्या पायाने टेम्पोकडे गेला. हा पाय. मी घाट उतरलो तो सगळ्यांच्या मागे. खाली केरीच्या बाजूला दिवे लागले होते.

*

साखळीला शनिवारी सकाळी पोचलो. वाळवंटीच्या काठी कारापूरला राणे मंडळींचे विठ्ठलमंदिर आहे. मी दहा मिनिटे रांगेतून बाहेर पडून दर्शन घेऊन आलो. मावशींनी माझी पिशवी सांभाळली आणि ‘‘आमच्यासाठी बी मागितलं का काय?’’ असे विचारले. मी हो म्हणालो. ते खरे होते.

दुपारी मयेचा तलाव ओलांडून नार्व्याला आलो. इथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे आणि इथे थोडे थांबले पाहिजे. कदंब राजांचा हा देव मुळात नदीपलीकडे दिवाडी बेटावरचा. बहामनी राजवटीत ते देऊळ पडले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा बांधले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पुन्हा पाडले, तेव्हा लोकांनी लिंग नदीपार आणून इकडे ठेवले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करविला. तिथला शके १५९० चा शिलालेख इतिहासाच्या प्रत्येक मास्तराने पाहावा असा आहे. अलीकडे २०२३ मध्ये देवळाची पुन्हा दुरुस्ती झाली.

मी त्या आवारात उभा होतो आणि बाहेर रस्त्यावर माझे सोबती खुरीस झाडाला टेकवून पाणी पीत होते. मनात जे आले ते लपवण्यात अर्थ नाही. ज्याच्या दर्शनाला आम्ही निघालो होतो, त्या झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय मागितले होते. ते आले १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आणि मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत टिकले. त्याने रोग्यांची सेवा केली, तो अनवाणी फिरला, हे खरे. ते पत्र त्यानेच लिहिले, हेही खरे. मी नववीला हा धडा शिकवताना दोन्ही वाक्ये सांगतो. बाकावर हिंदू मुलगा असतो आणि ख्रिस्तीही असतो. दोघांच्या डोळ्यांकडे न बघता पुस्तकाकडे बघून सांगतो, हेही कबूल करतो. सर कधी तरी माझ्या वर्गाबाहेरून जाताना ते ऐकत असतील. त्यांनी त्याविषयी अवाक्षर काढले नाही आणि मीही विचारले नाही. तीस वर्षांच्या स्नेहात आम्ही ही एक खोली बंदच ठेवली होती.

आमच्यातला एक शेतकरी आवारात आला, चपला काढून. त्याने शिलालेखाकडे बोट दाखवून विचारले, ‘‘काय लिवलंय, सर?’’ मी देवाची सगळी हकीकत सांगितली. बेट, पडझड, नदी, महाराज. त्याने नीट ऐकून घेतली.

‘‘म्हणजे ह्यो देव बी घर सोडून आलेला,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्यासारखा.’’

आणि चपला घालून खुरीस उचलायला गेला.

*

रविवारी, १ डिसेंबरला, पहाटे नार्व्याच्या फेरीबोटीत चढलो. मांडवीवर धुके होते. बोटीत आम्ही, दोन मोटारी, मासे घेऊन निघालेल्या बायका आणि एक झोपाळू कुत्रे. पाचच मिनिटांचा प्रवास, पण चार दिवस चालल्यावर पाय न हलवता पुढे सरकणे म्हणजे काय सुख असते ते सांगता येत नाही. दिवाडी बेट चालत ओलांडले. दोन्ही बाजूंना खाजणातली शेते, डावी-उजवीकडे बगळे, टेकडीवर पांढरे चर्च. दुसऱ्या टोकाला दुसरी फेरीबोट. ती जुन्या गोव्याच्या धक्क्याला लागली.

धक्क्यावरून वर चढले की व्हाइसरॉयची कमान लागते. नदीच्या बाजूने वास्को द गामा उभा आहे. एके काळी लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला की याच कमानीखालून शहरात शिरायचा. आमच्या मावशी तिथून अनवाणी गेल्या, वर न बघता.

गर्दीचे वर्णन करत नाही. २१ नोव्हेंबरला सुरू झालेले दर्शन ५ जानेवारीपर्यंत चालायचे होते आणि तो तर फेस्ताआधीचा रविवार. एरव्ही सायबाचे शव बॉम जेझू बॅसिलिकात असते. १६०५ मध्ये पवित्र केलेली ती लाल जांभ्याची इमारत, आत तस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला संगमरवरी चौथरा, १६९८ मध्ये बसवलेला, आणि त्यावर गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली चांदीची पेटी. त्या पेटीचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. दर्शनाच्या काळात शव समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणतात. त्यामुळे आमची रांग तिकडे लागली.

रांगेआधी मेणाची दुकाने लागतात. मेणबत्त्या, आणि मेणाचे हात, पाय, डोळे, मुलांच्या आकृत्या. ज्याचे जे दुखले, त्याने ते वाहायचे. सर दर वर्षी एक मेणाचा पाय घ्यायचे, हे मला त्या दिवशी कळले. मुलगा दुकानदाराला म्हणाला, ‘‘तीन पाय द्या. एक यंदाचा, दोन मागचे राहिलेत.’’ दुकानदाराने कागदात गुंडाळून दिले. मी पाकीट काढले. ‘‘एकाचे पैसे मी देतो,’’ म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले. नको म्हणाला नाही. कोणत्या वर्षाचा, असेही त्याने विचारले नाही. नोट घेतली आणि एक पाय वेगळा काढून माझ्या हातात दिला. लहान मुलाच्या पायाएवढा होता. उन्हाने किंचित मऊ पडला होता, बोटाचे ठसे उमटू नयेत म्हणून मी तो रुमालात धरला.

रांगेत तीन तास गेले. पेटीजवळ प्रत्येकाला काही क्षण मिळतात, मग स्वयंसेवक हाताने पुढे व्हा म्हणतो. काचेखाली एक लहानसे, काळवंडलेले, सुकलेले शरीर. उजवा हात नाही. तो १६१४ मध्ये कोपरापासून काढून रोमला नेला. मी श्रद्धाळू नाही आणि त्या क्षणी झालोही नाही. १५४६ चे पत्र मला पेटीपाशीही आठवले. पण माझी नजर गेली ती तळव्यांकडे. मग ‘पुढे व्हा’ आले आणि मी पुढे झालो. मेणाचा पाय जिथे सगळे ठेवत होते तिथे ठेवला. मुलाने त्याचे दोन शेजारी ठेवले. मावशी हुंदके देऊन रडत होत्या. कशासाठी ते मी विचारले नाही, चार दिवसांत एवढे शिकलो होतो.

परतताना मी टेम्पोत पुढे, मुलाच्या शेजारी बसलो. जी वाट पायांनी पाच दिवस खाल्ली होती ती चाकांनी चार तासांत संपवली. चोर्ल्याच्या माथ्यावर त्याने गाडी थांबवली नाही, फक्त हॉर्न वाजवला. वळण म्हणून वाजवला असेल. घरी पोचेपर्यंत दहा वाजले. वहिनी फाटकात उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, ‘‘पाय शेकून घ्या. मिठाच्या पाण्यात.’’

सोमवारी वेळेवर शाळेत गेलो, हजेरीपटावर सही केली. गणिताचे नवे शिक्षक लग्नाच्या रजेवर होते, म्हणून दहावीचा पहिला तास मी घेतला. मुले उठून उभी राहिली, ‘‘नमस्ते सर’’ म्हणाली. टाचेचा फोड रात्री फुटला होता. मी खडू घेतला, फळ्यावर तारीख लिहिली, खुर्ची ओढली आणि बसून शिकवू लागलो.